इलेक्ट्रिक गाडी: सवलत सरकारची, सॉकेट कुणाचं?

पाऊलवाट (८ सप्टेंबर २०२५, रात्री ९:५०)

बाप्पाला पोचवून आले आणि आता वेध लागलेत सोसायटीच्या वार्षिक सभेचे. २८ तारखेला आहे. विषयपत्रिकेवर नववा विषय: 'विद्युत वाहनांच्या चार्जिंगबाबत विचारविनिमय'. आठवा विषय कबुतरांचा आहे, त्यामुळे नवव्यापर्यंत कितीजण जागे असतील देव जाणे.

मी कोथरूडला राहते. १९९६ची इमारत, २८ बिऱ्हाडं, लिफ्ट नंतर लावलेली. डिसेंबर २०२१मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. राज्याचं धोरण नुकतंच आलं होतं, १० हजार आणि वर लवकर घेणाऱ्यांना १५ हजार, शिवाय केंद्राचं वेगळं. रोड टॅक्स नाही. खरं सांगते, सवलत नसती तर मी त्या वर्षी घेतली नसती. बॅटरी काढून लिफ्टनं वर नेता येते, स्वयंपाकघरात ओट्याखाली चार्ज होते, त्यामुळे सोसायटीला कळलंही नाही.

आता कार घ्यायचीय. यंदा एप्रिलच्या २९ला मंत्रिमंडळानं नवं धोरण मंजूर केलं, मेमध्ये शासन निर्णय निघाला, मुदत मार्च २०३०पर्यंत, तरतूद १,९९३ कोटींची. कारला किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख. टोलमाफीही. सगळं छान. पण कार काही ओट्याखाली मावत नाही. पार्किंगमध्ये एक सॉकेट पाहिजे. माझ्या मीटरपासून माझ्या जागेपर्यंत २२ मीटर. या २२ मीटरसाठी गेले पाच महिने मी पत्रं लिहितेय.

तर प्रश्न असा. ज्यांनी घेतलीय त्यांनी प्रामाणिकपणे सांगा: सरकारी सवलत नसती तर घेतली असतीत का? आणि ज्यांनी घेतली नाही त्यांचं घोडं पैशांवर अडलंय की आणखी कशावर?

---

मिश्कील_मांजर

माझं घोडं घोड्यावरच अडलंय. चारा महाग झालाय.

---

पेट्रोलपुराण

ताई, घाई करू नका. २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८चा १८ होतोय. वरचा सेसही (अधिभार) जातोय. इलेक्ट्रिकला आधीपासून ५ होता, तो तिथंच. म्हणजे दोघींमधलं अंतर एका फटक्यात कमी झालं. एक सरकार एका हातानं इलेक्ट्रिकला ढकलतंय, दुसरं दुसऱ्या हातानं पेट्रोलला. तुम्ही मध्ये उभ्या राहून टाळ्या वाजवा.

बाकी माझी २०११ची डिझेल अजून कोकणात खणखणीत चढते. कशेडीचा घाट तिला पाठ आहे.

---

मिश्कील_मांजर

@पेट्रोलपुराण, पितृपक्ष सुरू आहे. २२ला घटस्थापना. तोवर कोण मरायला गाडी घेतंय? जीएसटी परिषदेत कुणीतरी पंचांग घेऊन बसलं होतं नक्की.

---

आकडेमोड

जीएसटीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो खरेदीच्या दिवसापुरता. स्कूटरचा रोजचा हिशोब मांडतो. १०० किलोमीटरला भिंतीतून साधारण ३ युनिट जातात. युनिट १२ रुपयांना धरलं तरी ३६ रुपये. पेट्रोलची ४५ देत असेल तर २.२ लिटर, पुण्यात आजचा भाव १०४च्या आसपास, म्हणजे जवळपास २३० रुपये. महिन्याला ६०० किलोमीटर चालवणाऱ्याचे साडेअकराशे वाचतात. सवलत मिळाली नाही तरी दोन वर्षांत फरक निघतो.

माझं उत्तर: सवलत नसती तरी घेतली असती, फक्त सहा महिने उशिरा. बायकोला पटवायला सवलतीचा उपयोग झाला.

---

चंद्रपूरची_चिऊ

तुमच्या पुण्यात धूर नाही, छान वाटतं वाचून. ती वीज येते कुठून हे एकदा आमच्याकडे येऊन बघा. २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे गावाला लागून, शिवाय कोळशाच्या खाणी. आई अजून गच्चीवर पापड वाळत घालते, पण वर जुनं धोतर पसरून. संध्याकाळी धोतर झटकलं की काळी भुकटी पडते. मी लहानपणी बोटानं त्यावर नाव लिहायची.

पर्यावरण वाचवायला पुण्यात गाडी घ्या आणि चंद्रपुरात धोतर झटका.

---

आकडेमोड

चिऊताई, रास्त आहे, पण याचाही हिशोब होतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार देशाच्या ग्रीडमधलं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तारांमधली गळती धरून स्कूटरच्या १०० किलोमीटरला अडीच किलो. पेट्रोलच्या स्कूटरचा धूर पाच किलोच्या वर. म्हणजे कोळशाच्या विजेवर चालवूनही निम्मा.

---

चंद्रपूरची_चिऊ

निम्मा. पण सगळा आमच्याकडे.

---

आकडेमोड

यावर माझ्याकडे आकडा नाही.

---

गणपा_नगरकर

गाडीगाडी काय करताय सगळे, बसचं बोला. १ जून १९४८ला पहिली एसटी पुणे-नगर धावली, लाकडी बॉडीची. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ला, त्याच रस्त्यावर एसटीची पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई' सुटली. मी महिन्यातून चार वेळा जातो. पहिल्यांदा बसलो तेव्हा गाडी सुटली हेच कळलं नाही. शेजारच्या आजींनी कंडक्टरला विचारलं, "बाळा, बंद पडली का रे?" तेव्हा बस शिरूरच्या अलीकडे होती.

तक्रार एकच. गाड्या कमी. एका कारमध्ये एक माणूस बसतो, त्याला दीड लाख; बसमध्ये ४३ बसतात, तर तिथं पुढच्या वर्षी गाड्या येणार, येणार, येणार.

---

लोकलकर

गणपाशेट, +१. मुंबईचा वातावरण कृती आराखडा मार्च २०२२मध्ये आला. दक्षिण आशियात असा आराखडा करणारं पहिलं शहर म्हणून कौतुक झालं, २०५०पर्यंत नेट झिरो (जितकं उत्सर्जन तितकंच शोषण) असं लक्ष्य ठेवलं. देशाचं लक्ष्य २०७० आहे. त्यात उत्सर्जनाचा हिशोब आहे: सुमारे ७२ टक्के वीज-इंधन वापरातून, वाहतुकीतून साधारण २०. म्हणजे सगळ्या मुंबईच्या गाड्या उद्या इलेक्ट्रिक केल्या तरी एसी, लिफ्टा, मॉल, मंत्रालयाचे दिवे उरतातच. आणि वाहतूक २०वरच का राहिली, तर अर्धी मुंबई लोकलला लटकलेली असते म्हणून. आम्ही घाम गाळून टक्केवारी खाली ठेवलीय.

बेस्टची वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर मस्त आहे, मुलाला घेऊन खास बसलो. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली. त्याला खिडकी उघडता येईना म्हणून तो रडला.

---

पेट्रोलपुराण

आता टोलमाफीचं ऐका. मोठ्या मेव्हण्याची इलेक्ट्रिक गाडी आहे. २२ ऑगस्टला अटल सेतूपासून सुरुवात झाली, मग बाकीचे मार्ग, असं पेपरात वाचून साहेब हिरवी पाटी मिरवत निघाले. एका नाक्यावर दांडा उठला, पाच मिनिटांनी मोबाइल वाजला: पैसे कापले. दुसऱ्या बाजूनं परत येताना पुन्हा कापले. नाक्यावरचा मुलगा म्हणाला, "साहेब, माफी आहे, पण मशीनला माहीत नाही."

हे वाक्य फ्रेम करून लावायला पाहिजे.

---

शेवंती_७८

खिक्! मशीनला माहीत नाही!

तक्रार केली का त्यांनी? माझेही गेल्या आठवड्यात कापले गेले. तक्रार नोंदवलीय, परत आले तर इथं लिहीन.

---

फ्योर्डकाठचा_फाटक

टोलवरून आठवलं. ओस्लोहून लिहितोय, तेरा वर्षं झाली इथं. नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात, पण सुरुवात कशी झाली ते फार कुणाला माहीत नसतं. १९८९मध्ये इथल्या आ-हा बँडचा गायक मॉर्टन हार्केट आणि पर्यावरण कार्यकर्ता फ्रेडरिक हाउगे यांनी एक छोटी फियाट पांडा आणली, आतलं इंजिन काढून बॅटऱ्या घातलेली. ती घेऊन ते टोल न भरता नाक्यावरून जायचे. दंड लागला की तोही भरायचे नाहीत. शेवटी गाडी जप्त व्हायची, लिलाव व्हायचा, बोली लावायला दुसरं कुणी नसायचं, मग हेच थोड्या पैशांत परत घ्यायचे आणि पुन्हा नाक्यावर. १९९७मध्ये टोलमाफी मिळाली. पाठोपाठ फुकट पार्किंग आलं, २००१मध्ये व्हॅट गेला, पुढं बसच्या मार्गिकेतून जायची मुभा. २०२४मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या.

म्हणजे मेव्हण्यांना सांगा, चिकाटी ठेवा. पस्तीस वर्षांचा प्रश्न आहे.

अर्थात इथं वीज जवळपास सगळी जलविद्युत आहे. त्यामुळे चिऊताईंचा प्रश्न आमच्याकडे येत नाही. आणि पैसा तेल-वायू विकून येतो, हेही खरं. आम्ही धूर निर्यात करतो, इतकंच.

---

पाऊलवाट

@फाटक, मस्त किस्सा. पण माझा प्रश्न: तिकडे अपार्टमेंटमध्ये सॉकेटचं काय करतात?

---

फ्योर्डकाठचा_फाटक

कायद्यात आहे. २०१८पासून फ्लॅटमालकाला आपल्या पार्किंगशी चार्जिंगची जागा करायचा हक्क आहे. सोसायटीला नाही म्हणायचं तर सबळ कारण द्यावं लागतं. 'आम्हाला आवडत नाही' हे कारण चालत नाही. खर्च बहुधा मालकाचा. तरीही भांडणं होतातच. आमच्या इमारतीत वायरिंगचा एकत्र खर्च कसा वाटायचा यावर दीड वर्ष सभा चालल्या. नॉर्वेजियन माणूस आवाज चढवत नाही, फक्त कॉफी ओतून घेतो आणि खिडकीबाहेर बघतो. त्यापेक्षा आपली कोथरूडची सभा बरी.

---

सचिव_नाइलाजाने

इतका वेळ गप्प वाचत होतो. आता बोलतो, कारण प्रत्येक धाग्यात सोसायटीचा सचिव खलनायक असतो.

मी ठाण्यातल्या एका सोसायटीचा सचिव आहे. सहा वर्षं. दुसरं कुणी उभं राहत नाही म्हणून. आमच्याकडे गेल्या वर्षी दोघांनी अर्ज दिले. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणूस आपल्या घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करू शकतो, वेगळा परवाना लागत नाही. हे मला पाठ आहे. आता आमची मीटरची खोली बघा. जिन्याखाली, दार पूर्ण उघडत नाही कारण समोर कुणीतरी झाडू ठेवतं. आत ४० मीटर, ॲल्युमिनियमची जुनी वायर, काही फ्यूज अजून चिनी मातीचे, त्यात तार गुंडाळलेली. इमारतीत आलेली मूळ केबल बांधली तेव्हाची, त्या वेळी घरात एक फ्रिज आणि एक मिक्सर असायचा. आता प्रत्येक खोलीत एसी. त्यावर रात्री ११ वाजता सहा गाड्या एकदम चार्जिंगला लावल्या तर मूळ केबलच तापणार. आणि तापली की फोन कुणाला येणार? पर्यावरणमंत्र्यांना नाही.

दुसरं. आमच्याकडे घरं ४०, गाड्या ५१, झाकलेली पार्किंग २६. उरलेल्या गाड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून दर वर्षी फिरतात. सॉकेट कुणाच्या नावावर लावायचं? पुढच्या वर्षी त्या जागेवर समोरच्यांची गाडी आली तर केबल उखडायची?

तिसरं, आगीची भीती. पेट्रोलच्या गाडीत ३५ लिटर पेट्रोल असतं हे कुणाला आठवत नाही, पण व्हॉट्सॲपवर एक जळती स्कूटर बघितली की सगळे अग्निशमन तज्ज्ञ.

तरी आम्ही केलं. कसं ते सांगतो, पाऊलवाट यांच्या कामी येईल. आधी परवानाधारक ठेकेदाराकडून इमारतीचा भार मोजून घेतला. साडेचार हजार लागले. त्यानं लिहून दिलं की मुख्य स्विच आणि केबल बदलली तर चालेल. तो खर्च देखभाल निधीतून, कारण तो तसाही करायचाच होता, एसीवाल्यांमुळे. मग अट घातली: वैयक्तिक केबल ज्याच्या त्याच्या मीटरवरून, ज्याच्या त्याच्या खर्चानं, नळीतून, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि गळती झाली तर वीज तोडणारा स्विच बंधनकारक, घरचा मंजूर भार वाढवून घ्यायचा. एका जोडणीला १९ ते २३ हजार पडले. फिरत्या पार्किंगवाल्यांसाठी पाहुण्यांच्या जागेत एक सामायिक चार्जर, त्याला वेगळं मीटर, रीडिंगप्रमाणे पैसे.

सरकारचं धोरण नव्या इमारतींना पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय ठेवायला सांगतं. उत्तम. महाराष्ट्रात लोक राहतात जुन्या इमारतींत. दीड लाख गाडीला देण्याऐवजी माझ्या मीटरच्या खोलीला पन्नास हजार दिले असते तर चाळीस घरांचा प्रश्न सुटला असता.

---

आकडेमोड

सचिवसाहेब, साष्टांग. हा प्रतिसाद छापून नोटीस बोर्डावर लावण्यासारखा आहे.

एक जोड देतो: स्मार्ट मीटर असेल तर यंदा जुलैपासून घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. दिवसा सौर वीज भरपूर असते म्हणून. म्हणजे घरी असलेल्या गाड्या दुपारी लावल्या तर रात्रीचा भारही कमी आणि चंद्रपूरचा कोळसाही थोडा कमी.

---

शेवंती_७८

दुपारी माझी गाडी ऑफिसात असते हो. आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये तीन सॉकेट, एकात गार्डचा मोबाइल, एकात चहावाल्याची शेगडी.

---

दारेकरी

जुन्नरकडून. हा सगळा धागा शहराचा चाललाय म्हणून दोन शब्द.

आमच्यासाठी हवामान, वातावरण, हरित वगैरे म्हणजे एकच गोष्ट: लाइट दिवसा येणार का रात्री. शेतीच्या लाइटीचं वेळापत्रक आठवडा दिवसा, आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात दोन वाजता उठून मोटर चालू करायची आणि टॉर्च घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडायला जायचं. उसात बिबट्या. बाप गेला तर पोरगं सोबत, पोरगं गेलं तर आई जागी. मागच्या वर्षी वाफ्याचं दार मोडताना हातभर अंतरावर दोन डोळे चमकले. मी फावडं टाकून पळालो, पाणी रात्रभर शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं. त्याच्याशी अजून बोलणं नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आमच्या वाहिनीला (शेतीच्या वीजलाइनला) सौर प्रकल्प जोडला. २०१७पासून नाव ऐकत होतो, २०२३मध्ये योजना २.० झाली तेव्हा हालचाल दिसली. आता दिवसा लाइट आहे. बास. मला कुणी कार्बनचं समजावून सांगायची गरज नाही, मी आता रात्री झोपतो. शेजारच्या गावात प्रकल्पाच्या जागेवरून भावकीत वाद आहे, तिथं अजून रात्रीचीच मोटर.

इलेक्ट्रिक स्कूटरही आहे, पोराची. डेअरीला मी नेतो. दुधाच्या दोन किटल्या दोन बाजूंना लटकवल्या की कंपनीनं सांगितलेले १२० किलोमीटर ७०वर येतात, आणि आमच्या चढाला आणखी कमी. सॉकेटचा प्रश्न नाही. गोठ्यात आहे.

---

पाऊलवाट

दारेकरी दादा, हा प्रतिसाद वाचून माझ्या २२ मीटरची लाज वाटली.

---

दारेकरी

लाज कशाला ताई, ज्याचं त्याला. फक्त शेजाऱ्याशी बोलणं सोडू नका, पाणी कधी कुणाच्या कांद्यात जाईल सांगता येत नाही.

---

शाळामास्तर

राज्याच्या प्रयत्नांत 'माझी वसुंधरा' अभियानाचा उल्लेख कसा नाही? २ ऑक्टोबर २०२०ला सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश अशी पाच तत्त्वं, प्रत्येकाला गुण, गावागावांची आणि शहराशहरांची स्पर्धा. कल्पना मला मनापासून आवडली होती. अग्नीत सौर दिवे, ऊर्जा बचत, इलेक्ट्रिक गाड्यांना चालना. आमच्या गावानं काय केलं? भिंती रंगवल्या. शाळेच्या भिंतीवर पंचतत्त्वं काढली, मुलांकडून हरित शपथ घेतली, फोटो पोर्टलवर चढवले. अग्नीच्या चित्रात चित्रकारानं चूल काढली होती. धुरासकट.

पण एक सांगतो. त्या वर्षी लावलेल्या २०० झाडांपैकी ६०-७० जगली, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी होती. गुणांच्या भीतीनं का होईना, पाणी घातलं गेलं.

---

म्हापसेकर

आमच्या गोव्याचं ऐकाल तर तुमचं धोरण सोन्याचं वाटेल. डिसेंबर २०२१मध्ये धोरण आलं, लोकांनी धडाधड गाड्या घेतल्या, ३१ जुलै २०२२ला अनुदान थांबवलं. मग २०२३च्या जुलैत मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की जानेवारी २०२४पासून पर्यटनासाठी भाड्यानं द्यायच्या नव्या गाड्या इलेक्ट्रिकच असतील. म्हापशाच्या बाजारात अर्धा तास उभे राहा आणि भाड्याच्या गाड्यांमधल्या किती आवाज न करता जातात ते मोजा. एका हाताची बोटं पुरतात, त्यातलीही उरतात.

---

बेंगळुरूमराठी

कर्नाटकानं २०१७मध्ये देशात सगळ्यात आधी इलेक्ट्रिक धोरण आणलं, आणि २०२४मध्ये २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के आजीवन कर लावला. महाराष्ट्रानंही यंदाच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्यांना ६ टक्के सुचवला होता ना? नंतर मार्चमध्येच मुख्यमंत्र्यांनी मागे घेतला. माझं मत: ३० लाखांची गाडी घेणाऱ्याला करमाफी कशाला? त्याच पैशांत दहा रिक्षांची सोय होईल.

---

पेट्रोलपुराण

अर्थमंत्री लावतात, मुख्यमंत्री काढतात. एकाच घरात सासू मीठ घालते, सून धुऊन काढते. सगळा दोष या दोघांच्या प...

---

संपादक

पक्षावर गेलात तर प्रतिसाद उडेल. इथं गाड्यांवर बोलायचं.

---

नागपुरी_संत्रं

रिक्षांवर मी सांगतो. परवा बर्डीवरून धंतोलीला इलेक्ट्रिक रिक्षानं आलो. चालवणारा विशीतला. म्हटलं, "का बे, सबसिडी मिळाली का?" तो म्हणाला, "भाऊ, सबसिडी डीलरनं बिलातच दाखवली, ते मला काही समजलं नाही. मला इतकं समजते की आधी गॅसच्या रांगेत दोन तास जायचे, आता रात्री घरी लावून झोपतो. दोन तासांत सहा सवारी होतात." हे झालं धोरण. बाकी आपण इथं निबंध लिहून राहिलो.

आणि चिऊताई, कोराडीचं औष्णिक केंद्र आमच्याही उशाला आहे. धोतर झटकायला मीही येतो.

---

शेवंती_७८ (२६ सप्टेंबर)

टोलचे पैसे परत आले! तीनशेवीस रुपये. मशीनला कळलं. आता मेव्हण्यांचं काय झालं?

---

पेट्रोलपुराण

मेव्हण्याचे नाही आले. त्यानं तक्रारच केली नव्हती, फक्त मला सांगितलं होतं.

---

पाऊलवाट (२८ सप्टेंबर, रात्री ११:१५)

सभेहून आले. घसा बसलाय.

कबुतरांवर सव्वा तास गेला. जाळी की काटे. नववा विषय आला तेव्हा गणपूर्तीपुरते एकवीसजण उरले होते. @सचिव_नाइलाजाने, तुमचा प्रतिसाद मी छापून नेला होता, सॉरी, न विचारता. आगीचा मुद्दा निघालाच. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी जळत्या स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. मी म्हटलं, काका, चार वर्षं झाली, तुमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर माझी बॅटरी रोज चार्ज होते. एकदम शांतता. ते म्हणाले, "म्हणजे तू आम्हाला सांगितलंच नाहीस?" इथं मला वाटलं, संपलं.

पण तुमच्या मीटरच्या खोलीचं वर्णन मी वाचून दाखवलं, चिनी मातीच्या फ्यूजसकट, आणि काका उठले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेत हे मला माहीतच नव्हतं! सगळ्यांना घेऊन जिन्याखाली गेले, दार उघडलं, टॉर्च मारला. आमचीही तशीच निघाली. एका फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तांब्याची तारच घातली होती, म्हणजे काहीही झालं तरी फ्यूज उडणारच नाही अशी सोय. काका म्हणाले, "आग लागायची तर ती गाडीनं नाही, या तारेनं लागेल." व्हिडिओ बंद.

ठराव झाला: आधी भार मोजायचा, मुख्य केबल आणि सगळे जुने फ्यूज बदलायचे, मग ज्याला पाहिजे त्यानं आपल्या मीटरवरून आपल्या खर्चानं. चौदा विरुद्ध सहा, एक तटस्थ. तटस्थ माझे यजमान. त्यांना पेट्रोलची गाडी हवीय, जीएसटी कमी झालाय म्हणून.

आणि माझ्याच प्रश्नाचं माझं उत्तर: स्कूटरला सवलतीनं ढकललं. कारला दीड लाख मिळतील न मिळतील, पण आज त्या काकांचा टॉर्च नसता तर घेताच आली नसती.

---

सचिव_नाइलाजाने

रॉयल्टी म्हणून तांब्याच्या तारेचा फोटो टाका. आमच्या पुढच्या सभेला दाखवायचाय.

---

मिश्कील_मांजर

कबुतरांचं काय ठरलं?

---

पाऊलवाट

पुढच्या सभेत. काटे की जाळी, समान मतं पडली.

---

आकडेमोड

काकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता येईल का? आमचीही खोली दाखवायचीय.

---

पाऊलवाट

काका व्यनि करत नाहीत. सकाळी साडेसहाला गच्चीवर असतात. चहा घेऊन या, बिनसाखरेचा.